चंद्रोदयाला गाव असते, ग्रहदर्शनाला का नसते?

प्रति,
मराठी वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि वृत्तसंकेतस्थळे यांचे संपादक

विषय : ग्रहांच्या दर्शनाविषयीच्या बातम्या आणि त्यांतून रुजणारे गैरसमज



इंग्लंडच्या मध्यभागी, ५२ अंश २४ कला उत्तर अक्षांशावर वसलेले कॉव्हेंट्री हे जुने मोटारनगर २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यापासून पुण्याशी एका उद्योगसमूहाच्या धाग्याने जोडले गेले आहे, आणि नोकरी वा शिक्षणाच्या निमित्ताने येथे राहणारी मराठी कुटुंबे घड्याळ ब्रिटनच्या वेळेवर लावीत असली तरी बातम्या पुष्कळदा मराठीतच वाचतात. त्या बातम्यांत आकाशाचाही वाटा असतो. मंगळ चंद्राएवढा दिसणार, सात ग्रह एका रांगेत येणार, शेकडो वर्षांतून एकदाच घडणारा योग आज रात्री जुळणार, अशा आशयाचे मथळे अधूनमधून येतात, मोबाइलवरून नातेवाइकांच्या गटांत फिरतात आणि महाराष्ट्रातून निघून काही मिनिटांत कॉव्हेंट्रीतील घरांत पोहोचतात. पण ज्या आकाशासाठी ते लिहिलेले असतात ते आकाश त्यांच्याबरोबर येत नाही.

या बातम्या धादांत खोट्या असतात, असा प्रस्तुत पत्राचा आक्षेप नाही. धादांत खोट्याचा निकाल लवकर लागतो. ग्रहदर्शनासंबंधीचे बहुतेक गैरसमज एखाद्या खऱ्या विधानापासून सुरू होतात, आणि ते विधान कोणत्या स्थळी, कोणत्या वेळी, क्षितिजापासून किती उंचीवर आणि कोणत्या साधनाने पाहिले असता खरे ठरते, या त्याच्या अटी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना गळून पडतात. या अटी रुक्ष असतात आणि मथळ्यात मावत नाहीत, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की त्या गाळल्यावर जे उरते त्याचा आकाशाशी संबंध उरत नाही.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मंगळाचे आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटर अंतरावर आला, आणि गणितानुसार त्याआधीच्या सुमारे ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आलेला नव्हता. त्या सुमारास इंग्रजीतून फिरलेल्या एका संदेशाचा आशय असा होता की ७५ पट मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिल्यास मंगळ हा नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. हे विधान बरोबर होते. आकाशातील वस्तूचा दिसणारा आकार कोनात मोजतात आणि त्याला कोनीय व्यास म्हणतात. एका अंशाचे ६० भाग म्हणजे कला, आणि एका कलेचे ६० भाग म्हणजे विकला. त्या रात्री मंगळाचा कोनीय व्यास २५ विकलांहून किंचित अधिक होता, चंद्राचा सरासरी कोनीय व्यास १८६५ विकलांच्या आसपास असतो, आणि २५ ला ७५ ने गुणले की चंद्राचा आकडा जवळजवळ तंतोतंत येतो. पुढे संदेश फिरता फिरता त्यातील दुर्बिणीचा उल्लेख गळाला, मग वर्षाचा आकडाही गळाला, आणि २७ ऑगस्टच्या रात्री आकाशात दोन चंद्र दिसतील एवढीच हाकाटी शिल्लक राहिली.

वर्ष गळाल्यामुळे ही अफवा अनेक वर्षे ऑगस्ट आला की नव्याने डोके वर काढीत राहिली. २०१५ च्या २७ ऑगस्टला, उदाहरणार्थ, मंगळ सूर्याच्या पलीकडच्या बाजूस होता, पहाटेच्या उजेडात जेमतेम सापडत होता आणि त्याचा कोनीय व्यास ४ विकलांहूनही कमी होता. मंगळ नुसत्या डोळ्यांना खरोखरच चंद्राएवढा दिसायचा, तर तो पृथ्वीपासून सुमारे साडेसात लाख किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या दुपटीहूनही थोड्या कमी अंतरावर यावा लागेल. त्याची कक्षा पाहता तसे घडणे अशक्य आहे. तो ६० हजार वर्षांचा विक्रमही खरा असला तरी त्याचे वजन तपासून पाहावे असे आहे, कारण ऑगस्ट १९२४ मध्ये मंगळ ज्या अंतरावर आला होता त्यात आणि २००३ च्या अंतरात फरक होता तो सुमारे २० हजार किलोमीटरचा, म्हणजे पृथ्वीच्या दोन व्यासांहूनही कमी. पाहणाऱ्याच्या डोळ्याला किंवा दुर्बिणीला हा फरक कळण्याची सुतराम शक्यता नव्हती.

एवढ्यावर हे प्रकरण संपते असे अनेक खुलासे मानतात. कॉव्हेंट्रीच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न येथूनच सुरू होतो, कारण अफवा बाजूला ठेवून केवळ खरी बातमी घेतली, म्हणजे मंगळ सर्वांत जवळ आला तेव्हा तो पाहण्याची सर्वांत चांगली संधी होती असे म्हटले, तरी ते विधान पुण्याला जितके लागू पडते तितके येथे पडत नाही. आकाशातील वस्तू क्षितिजापासून किती अंश वर आहे याला उन्नतांश म्हणतात, आणि ती दक्षिणेकडे जास्तीत जास्त किती वर येईल हे दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे पाहणाऱ्याचा अक्षांश, आणि दुसरी म्हणजे त्या वस्तूची क्रांती, अर्थात पृथ्वीचे विषुववृत्त आकाशात वाढवले असता त्या रेषेपासून ती वस्तू किती अंश उत्तरेस वा दक्षिणेस आहे ते अंतर. नव्वदातून अक्षांश वजा करावा आणि क्रांती उत्तरेची असल्यास मिळवावी, दक्षिणेची असल्यास वजा करावी, इतकेच हे गणित आहे. ऑगस्ट २००३ मध्ये मंगळाची क्रांती सुमारे १६ अंश दक्षिण होती. त्यामुळे पुण्यात तो मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ ५६ अंशांवर, आकाशात चांगला वर आला, तर कॉव्हेंट्रीत तो २२ अंशांच्या वर गेलाच नाही. २७ जुलै २०१८ च्या प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे सूर्य व मंगळ पृथ्वीच्या परस्परविरुद्ध बाजूंना असताना, पुण्यातील उन्नतांश ४६ आणि कॉव्हेंट्रीतील अवघा १२ होता. १२ अंशांवरच्या ग्रहाचा प्रकाश डोक्यावरच्या ग्रहाच्या तुलनेत पाचपटीच्या जवळपास हवा ओलांडून येतो, दुर्बिणीत त्याची कड थरथरते, तिला वर निळसर व खाली तांबूस झालर लागते, आणि समोरच्या ओळीतील घरांची छपरे त्याला गिळून टाकतात ते वेगळेच. (त्या वर्षी मंगळावर ग्रहव्यापी धुळीचे वादळ उठले होते आणि त्याचा पृष्ठभागही झाकला गेला होता, त्यामुळे पुणेकरांनाही फार काही लाभले नाही.)

हा दोन वर्षांचा योगायोग नव्हे. मंगळाची कक्षा लांबट आहे, आणि तिच्यावरील सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू, ज्याला उपसूर्य बिंदू म्हणतात, तो अशा दिशेला आहे की पृथ्वी दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस त्या दिशेच्या समोरून जाते. म्हणूनच मंगळाच्या सर्वांत जवळच्या भेटी जुलै ते सप्टेंबर या काळात, १५ किंवा १७ वर्षांच्या अंतराने पडतात. १९८८, २००३, २०१८ ही अशी वर्षे होत. त्या महिन्यांत सूर्याच्या बरोबर समोरचा आकाशपट्टा विषुववृत्ताच्या दक्षिणेस असतो, आणि त्यातच मंगळाची कक्षाही तेथे आणखी दक्षिणेकडे झुकलेली असल्यामुळे, जवळचा मंगळ हा उत्तर युरोपच्या वाट्याला बहुधा कमी उंचीवरचा मंगळ म्हणूनच येतो. याउलट १६ जानेवारी २०२५ च्या प्रतियुतीला मंगळ बराच दूर होता, त्याचा कोनीय व्यास १५ विकलांहूनही कमी होता आणि त्याविषयी फारसा गवगवा झाला नाही. पण क्रांती २५ अंश उत्तर असल्यामुळे तो कॉव्हेंट्रीत जवळजवळ ६३ अंशांवर चढला आणि हिवाळ्यातील लांब रात्री कित्येक तास स्थिर दिसत राहिला. पुण्यात तर तो खमध्याच्या, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूच्या, उत्तरेस गेला होता. जवळ म्हणजे चांगला हे समीकरण मुंबई-पुण्यात बहुतांशी चालून जाते, ५२ अंशांवर ते पुष्कळदा उलटे पडते. आणि बातमी लिहिणाऱ्याने अक्षांशाचा विचारच केलेला नसल्यामुळे, येथील वाचक मंगळ कमी तेजाचा का दिसला याचे कारण स्वतःच्या डोळ्यांत किंवा इंग्लंडच्या ढगांत शोधतो.

शुक्राचेही तसेच. शुक्र सूर्यापासून आकाशात जास्तीत जास्त ४५ ते ४७ अंश दूर जातो, त्या टोकाच्या अंतराला परम इनांतर म्हणतात, आणि पूर्वेकडील परम इनांतर आले की शुक्र संध्याकाळी पश्चिमेला उत्तम दिसतो असे सरसकट छापले जाते. १५ ऑगस्ट २०२६ हा असाच एक दिवस आहे. त्या सायंकाळी सूर्य मावळताना पुण्यात शुक्र सुमारे ३४ अंश उंच असतो, तर कॉव्हेंट्रीत त्याच प्रसंगी त्याचा उन्नतांश जेमतेम ११ असतो, कारण उत्तर अक्षांशांवर उन्हाळा सरताना सायंकाळचा ग्रहपट्टा क्षितिजाला जवळजवळ लगटून पडलेला असतो. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी हाच पट्टा उभा राहतो, आणि तेव्हा येथील शुक्र महाराष्ट्रातील शुक्राच्या तोडीस तोड असतो. शिवाय मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत कॉव्हेंट्रीत सूर्य मध्यरात्रीही क्षितिजाखाली १८ अंश जात नाही, म्हणजे खगोलशास्त्रीय अर्थाने पूर्ण रात्र होतच नाही. तेव्हा त्या दिवसांत रात्रभर दिसणाऱ्या ग्रहाची बातमी येथे रात्रभर टिकणाऱ्या संधिप्रकाशाची बातमी ठरते.

रांगेची गोष्टही अशीच आहे. जानेवारी आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रहांच्या परेडचा बराच बोलबाला झाला आणि २८ फेब्रुवारीच्या सायंकाळी सातही ग्रह एका ओळीत दिसतील असे जगभर सांगितले गेले. पृथ्वीवरून पाहताना सूर्य वर्षभरात आकाशातून ज्या मार्गाने फिरतो त्याला क्रांतिवृत्त म्हणतात, आणि ग्रहांच्या कक्षा जवळजवळ एकाच प्रतलात असल्यामुळे (बुधाच्या कक्षेचा कल ७ अंश, इतरांचा साडेतीन अंशांहून कमी) सगळे ग्रह सदासर्वदा त्या मार्गाच्या आसपासच दिसतात. तेव्हा ग्रह रांगेत असणे ही घटना नसून नियम आहे. एकाच वेळी किती ग्रह क्षितिजाच्या वर आहेत एवढाच काय तो बदलणारा भाग, आणि तोही एका रात्रीपुरता नसतो, आठवडेच्या आठवडे चालतो. त्या फेब्रुवारीत ती तथाकथित रांग पश्चिम क्षितिजापासून सुरू होऊन सुमारे ११५ अंशांवर पसरली होती. तिच्यातील शनी सूर्याच्या तेजात बुडालेला होता, बुध क्षितिजालगत होता, युरेनस अगदी काळोख्या ठिकाणाहून कसाबसा दिसण्याइतका मंद होता आणि नेपच्यून नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. शुक्र, गुरू आणि मंगळ हे तीन ग्रह मात्र उत्तम दिसत होते, आणि ते पाहण्यासाठी गावाबाहेर अंधारात जाण्याचीही गरज नव्हती. शहराच्या दिव्यांत तारे हरवतात, हे तीन ग्रह हरवत नाहीत. तीन ग्रहांची ही बातमी पुरेशी चांगली होती. तिला सातांची करण्याच्या हव्यासापायी किती वाचक न दिसणारे चार ग्रह शोधत राहिले असतील याचा अंदाज संपादकांनी करावा.

रांगेच्या किंवा मेळाव्याच्या भीतीचा इतिहास मराठी वाचकांच्या मागच्या पिढीला चांगला ठाऊक आहे. फेब्रुवारी १९६२ च्या पहिल्या आठवड्यात सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू व शनी हे निरयन गणनेच्या मकर राशीत एकत्र आले, त्यांत केतू धरून अष्टग्रही झाली, आणि प्रलयाच्या भयाने देशभर यज्ञयाग झाले. या आठांपैकी केतू हा आकाशातील पदार्थच नव्हे. चंद्राचा मार्ग क्रांतिवृत्ताला ज्या दोन बिंदूंत छेदतो त्यांपैकी तो एक गणिती बिंदू आहे. उरलेल्या सातांत खुद्द सूर्य होता आणि बाकीचे सहा त्याच्या आसपास होते, म्हणजेच ते दिवसा उगवत आणि दिवसाच मावळत होते. ज्या मेळाव्याची देशाने एवढी धास्ती घेतली तो पाहणे भारतात कोणालाही शक्य नव्हते. न्यू गिनी आणि प्रशांत महासागराच्या ज्या चिंचोळ्या पट्ट्यात त्या वेळी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेथेच काही मिनिटे ती संधी होती. त्या वेळी वृत्तपत्रांनी हे ग्रह आकाशात दिसणार आहेत का, हा एकच प्रश्न विचारला असता तरी पुष्कळ हवा निघून गेली असती असे वाटते.

लहानपणी पाठ केलेला एक नियमही येथे तपासून घ्यावा लागतो. तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत, असे शिकवले जाते आणि ते साधारणपणे बरोबर आहे: तारा इतका दूर असतो की त्याचा प्रकाश एकाच बिंदूतून आल्यासारखा येतो आणि हवेतील उष्ण-थंड थरांच्या हालचालींनी तो क्षणोक्षणी विचलित होतो, तर ग्रहाला छोटीशी का होईना चकती असते आणि तिच्या निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या प्रकाशाचे चढउतार एकमेकांना सांभाळून घेतात. परंतु क्षितिजाजवळ हवेची जाडी वाढली की ग्रहही लुकलुकतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे कॉव्हेंट्रीत ग्रह वर्षातील बराच काळ क्षितिजाजवळच असतात. म्हणून महाराष्ट्रातील शाळेत शिकलेला नियम घेऊन येथे आकाश पाहणारा माणूस मावळता शुक्र लाल-हिरवा चमकताना पाहून त्याला विमान समजतो. अशा चुकीसाठी अननुभवी असावेच लागते असेही नाही. लडाखच्या सीमेवरील जवानांनी कित्येक महिने नोंदवलेली, टेहळणी करणारी परकी याने वाटलेली प्रकाशचिन्हे शुक्र व गुरू हे ग्रह होते, असा निर्वाळा बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी दिल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते कोडे सुटले ते वेळ, दिशा आणि उंची यांच्या नोंदी ग्रहगणिताशी ताडून पाहिल्यावर, म्हणजे आकाशाच्या बातम्यांतून ज्या तीन गोष्टी सर्रास गाळल्या जातात नेमक्या त्यांच्याच आधारे.

एकाच सायंकाळी दोन गावांना दोन वेगळी दृश्ये दिसतात याचा १ डिसेंबर २००८ इतका बोलका दाखला क्वचितच मिळेल. त्या दिवशी भारतात सूर्यास्तानंतर शुक्र आणि गुरू शेजारी शेजारी, त्यांच्याखाली चंद्राची आडवी कोर, असा हसऱ्या चेहऱ्याचा देखावा दिसला आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. ब्रिटनमध्ये तसा चेहरा दिसलाच नाही. तेथे सूर्यास्ताच्या सुमारास चंद्राने शुक्राला झाकून टाकले, ज्याला पिधान म्हणतात. चंद्र तासाला जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा पुढे सरकतो, आणि भारतातील संध्याकाळ व ब्रिटनमधील संध्याकाळ यांच्या दरम्यान तो शुक्रापर्यंत पोहोचला. त्याखेरीज चंद्र पृथ्वीला इतका जवळ आहे की पृथ्वीवरील जागा बदलली की ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरील त्याचे स्थानही जवळजवळ दोन अंशांपर्यंत बदलते. भारतातील बातमी जशीच्या तशी उचलणाऱ्या ब्रिटनवासी मराठी वाचकाचा त्या दिवशी दुहेरी तोटा झाला, कारण न दिसणारा चेहरा त्याला सांगितला गेला आणि दिसणारे, त्याहून दुर्मीळ असे पिधान सांगितले गेले नाही.

वक्री ग्रहांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरेल. मंगळ डिसेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ वक्री होता, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात उलट, पश्चिमेकडे सरकताना दिसत होता. पण त्या काळात त्याने आपल्या कक्षेत एक पाऊलही मागे टाकले नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जलद मोटार शेजारच्या मालमोटारीला ओलांडत असताना मोटारीतून पाहणाऱ्याला दूरच्या डोंगरांच्या संदर्भात ती मालमोटार मागे जाताना भासते, आणि पृथ्वी मंगळाला आतल्या कक्षेतून ओलांडते तेव्हा हेच घडते. पृथ्वीच्या बाहेरच्या कक्षेतील ग्रह वक्री दिसण्याचा काळ तो सर्वांत तेजस्वी दिसण्याचाही काळ असतो, ही गोष्ट राशिभविष्याच्या स्तंभांत कधी येत नाही, हे मात्र नमूद केले पाहिजे.

या साऱ्यात खेदाची बाब अशी की स्थळाची अट पाळणे मराठी मुद्रणाला नवे नाही. संकष्टी चतुर्थीचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो, म्हणून पंचांगे आणि दिनदर्शिका चंद्रोदयाच्या वेळा गावोगावच्या वेगळ्या देतात, आणि रत्नागिरीची वेळ नागपूरला चालत नाही हे कोणत्याही घरातील आजीला सांगावे लागत नाही. कॉव्हेंट्रीतील मराठी घरांनाही हे भान ठेवावेच लागते, कारण येथे जून-जुलैतील कृष्ण चतुर्थीचा चंद्र घड्याळात साधारण मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, सप्टेंबरातील मात्र साडेआठ-नऊलाच वर येतो, इतका ऋतूंचा फरक उंच अक्षांशावर पडतो. जी काटेकोर वृत्ती उपासासाठी आहे ती ग्रहांसाठी का नसावी, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात पंचांगसुधारणेचा जो वाद झाला त्याचा गाभाच दृक्प्रत्यय हा होता, म्हणजे गणिताने काढलेला ग्रह आकाशात त्याच जागी डोळ्यांना दिसला पाहिजे, न दिसल्यास गणित बदलले पाहिजे हा आग्रह. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली ती याच भूमिकेतून, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात या विषयाचा सारा इतिहास मराठीतच उपलब्ध आहे. ज्या भाषेत सव्वाशे वर्षांपूर्वी असे लेखन झाले त्या भाषेतील आजच्या वृत्तकक्षांना एका वाक्यात अक्षांशाचा उल्लेख करणे अवघड जावे, हे पटणारे नाही.

मागणी फार मोठी नाही. ग्रहाच्या बातमीत ती कोणत्या स्थळासाठी आहे ते लिहावे. वेळ भारतीय असेल तर तसे म्हणावे, कारण ब्रिटनची वेळ हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. ग्रह कोणत्या दिशेला व साधारण किती उंचीवर असेल आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल की दुर्बीण लागेल ते सांगावे. आणि दृश्य एका रात्रीचे नसून तीन आठवड्यांचे असेल तर ‘आज रात्री’ हा शब्दप्रयोग टाळावा. यासाठी लागणारे गणित संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे, आणि शंका असल्यास विचारायला पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि १९८८ पासून आयुका आहे. येथे कॉव्हेंट्रीतही हौशी निरीक्षकांची संस्था आहे, आणि नावाने वॉरविकचे पण वस्तुतः कॉव्हेंट्रीच्या हद्दीवर वसलेले वॉरविक विद्यापीठ आहे, जेथील खगोलशास्त्रज्ञ दूरच्या ताऱ्यांसमोरून एखादा ग्रह जाताना त्यांच्या प्रकाशात पडणारी शेकडा एकाच्या आसपासची किंवा त्याहूनही कमी घट मोजून ग्रह शोधतात. त्या ग्रहांपैकी बहुतेकांची प्रतिमा कोणी पाहिलेली नाही, तरी त्यांच्याविषयीच्या प्रत्येक विधानासोबत ते कोणत्या रात्री, कोणत्या उपकरणाने आणि किती अचूकतेने मोजले हे लिहिलेले असते. डोळ्यांना सहज दिसणाऱ्या मंगळाच्या वाट्याला तेवढे तपशील यायला हरकत नसावी.

ही मागणी तपासून पाहण्याची संधीही जवळ आहे. १९ फेब्रुवारी २०२७ रोजी मंगळाची पुढची प्रतियुती असून तो सिंह राशीत, सुमारे १० कोटी किलोमीटर अंतरावर, १४ विकलांच्या आतल्या चकतीचा, म्हणजे २००३ च्या मानाने लहान असेल. पुण्यात तो मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येईल, कॉव्हेंट्रीत दक्षिणेला ५२-५३ अंशांवर. नुसत्या डोळ्यांना तो तांबूस, ठळक ताऱ्यासारखा दिसेल आणि त्या तारखेच्या मागेपुढे कित्येक आठवडे तसाच दिसत राहील. त्यानंतरची खऱ्या अर्थाने जवळची भेट सप्टेंबर २०३५ मध्ये आहे. तेव्हा कोनीय व्यास पुन्हा २५ विकलांच्या जवळ जाईल, दोन चंद्रांचा संदेश बहुधा पुन्हा निघेल, आणि कॉव्हेंट्रीत मंगळ ३० अंशांच्या आसपास, पुण्यात ६३ अंशांच्या आसपास असेल. हे दोन्ही आकडे आजच छापून ठेवता येण्याजोगे आहेत.



कॉव्हेंट्रीतील एक मराठी वाचक